सलग चार वर्षं मागे पडलेली कंपनी, डिजिटलचा निर्णय आणि सीईओची पार्श्वभूमी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनी सलग चार वर्षं ठरवलेल्या नफ्याच्या खाली राहिली आहे. संचालक मंडळाला आता मोठा डिजिटल कार्यक्रम हवा आहे आणि तो राबवायला नवा सीईओ नेमायचा आहे. दोन नावं पुढे आहेत. एक आतलाच, फायनान्समधून वर आलेला. दुसरा एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या पदावर असलेला. पार्श्वभूमीने खरंच एवढा फरक पडतो का? आणि इतकी वर्षं मागे राहिलेल्या कंपनीने डिजिटलवर पैसे घालावेत का?

फरक पडतो, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बराच आधी पडतो. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ही चर्चा सुरू होईपर्यंत अडचण कुठे आहे याचं निदान होऊन गेलेलं असतं. ते निदान करणाऱ्याने सुरुवातीची वर्षं कुठल्या खात्यात काढली, यावर ते बरंचसं ठरतं. पण प्रश्न वाचताना माझं लक्ष आधी गेलं ते त्या चार वर्षांकडे. एका वाईट वर्षानंतरची कंपनी आणि चार वाईट वर्षांनंतरची कंपनी यांच्यापुढचे पर्याय सारखे नसतात, आणि पैसे मंजूर करताना मंडळं नेमकी हीच गोष्ट नजरेआड करतात.

आधी थोडं मागचं. संस्थांचे अभ्यासक रिचर्ड सायर्ट आणि जेम्स मार्च यांनी १९६३ मध्ये मांडलं की कंपन्या जास्तीत जास्त नफ्याच्या मागे धावत नसतात. त्यांच्या डोक्यात समाधानाची एक रेषा असते. स्वतःचा मागचा इतिहास आणि आसपासच्या स्पर्धकांची कामगिरी यांवरून ती आखलेली असते. कामगिरी रेषेच्या वर असेल तर कोणी फारसं काही उकरत बसत नाही. खाली गेली की उपायांचा शोध सुरू होतो. हा शोध कसा होतो याबद्दलचं त्यांचं निरीक्षण मला आजही सर्वांत उपयोगी वाटतं: तो जवळच्या जवळ होतो. जिथे लक्षण दिसलं तिथेच आणि जे उपाय आधीपासून माहीत आहेत त्यांच्याच आसपास. विक्री घसरली की विक्री खात्यात शोधायचं. मग माल वेळेवर पोचत नाही म्हणून गिऱ्हाईक गेलं असलं तरी चालतं.

पहिल्या वर्षी म्हणूनच काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सवलती वाढतात, प्रवासखर्च गोठवला जातो, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत आणि आयटीचं बजेटही कापलं जातं. डिजिटल वगैरे बोलायला कोणाला वेळ नसतो, कारण ‘हे वर्षच वाईट होतं’ यावर एकमत असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हे एकमत मोडतं. जवळचे उपाय करून झालेले असतात आणि आकडे हललेले नसतात. आता लोक लांबचं ऐकून घेतात. ज्या विभागप्रमुखाने नव्या पद्धतीला कायम विरोध केला, तोही विरोधाचा स्वर खाली आणतो. त्याच वेळी हाताशी बरंच काही शिल्लक असतं: रोख असते, पुरवठादार उधारी देत असतात, बँक फोन उचलते आणि कामाची माणसं अजून गेलेली नसतात. माझ्या मते डिजिटल कामासाठी खरी खिडकी हीच.

चौथ्या वर्षापासून ती बंद होऊ लागते. मार्च आणि झुर शपिरा यांनी दाखवलं की धोका पत्करण्याची तयारी माणसाचं लक्ष कुठे आहे यावर अवलंबून असते. लक्ष उद्दिष्टाकडे असेल तर मागे पडलेला माणूस धाडस करतो. लक्ष ‘आपण टिकू का’ याकडे गेलं की तोच माणूस आखडतो. बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये संस्थांच्या पातळीवर याच धर्तीची गोष्ट मांडली: धोका जाणवला की माहितीच्या वाटा अरुंद होतात, अधिकार वरच्या एक-दोघांकडे गोळा होतात आणि संस्था तिला सर्वांत जास्त सवयीचं असेल ते करू लागते. उलट बाजूला मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांचं १९७९ चं काम सांगतं की तोट्यात असलेला माणूस जुगार खेळायला जास्त तयार होतो.

आखडणं आणि जुगार यांतलं खरं काय, असा वाद घातला जातो. मला दीर्घकाळ घसरलेल्या कंपन्यांत दोन्ही एकाच वेळी दिसलं आहे. खाली सगळं आवळलेलं असतं. किरकोळ खरेदीलाही दोन सह्या लागतात, एखादा छोटा प्रयोग करून पाहू म्हटलं तर ‘आत्ता नको’ हे उत्तर तयार असतं. आणि वर, मंडळाच्या खोलीत, एकच भलामोठा कार्यक्रम मंजूर होत असतो, ज्यात ईआरपी (सगळ्या खात्यांचं काम एकत्र जोडणारी प्रणाली), नवं ॲप, एआय आणि नवी वेबसाइट असं सगळं एका छताखाली कोंबलेलं असतं. प्रयोग बंद आणि डाव मोठा ही जोडी सर्वांत महाग पडते. मोठा कार्यक्रम यशस्वी करायला लागणारी माहिती त्या बंद केलेल्या छोट्या प्रयोगांतूनच यायची असते.

शिवाय माणसं. घसरणीत आधी जातात ती बाहेर मागणी असलेली. वस्तूंच्या कोडची भानगड कोणाला कळत होती, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणत्या अटीवर कोणता दर दिला हे कोणाच्या डोक्यात होतं, हे ती माणसं गेल्यावर समजतं. नवी प्रणाली घालताना मास्टर डेटा, म्हणजे वस्तू, गिऱ्हाइकं आणि दर यांच्या मूळ नोंदी, साफ करायला हीच माणसं लागतात. पुस्तकी हिशेबात ‘राखीव क्षमता’ म्हणजे रोख आणि कर्ज काढण्याची ताकद. डिजिटल कामाच्या बाबतीत मी त्यात या माणसांना आधी धरतो. रोख परत उभी करता येते. पंधरा वर्षांच्या दरपत्रकामागची कारणं सांगणारा माणूस गेला तर ती कारणं नव्याने खणून काढावी लागतात.

आणखी एक गोष्ट हळूच घडते: रेषाच खाली सरकवली जाते. पहिल्या वर्षी तुलना उद्योगातल्या पहिल्या तिघांशी होते, चौथ्या वर्षीच्या सादरीकरणात ‘आपल्या आकाराच्या कंपन्या’ असा नवा गट उगवतो आणि त्यात आपण मध्यावर असतो. तुम्ही चार वर्षं म्हणता, ती कोणत्या रेषेखाली हे एकदा तपासा. जुन्या सादरीकरणांतले तुलनेचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले की पुरे.

आता बोलणं आणि करणं. कंपन्यांच्या डिजिटलीकरणावरच्या कितीतरी अभ्यासांत, विशेषतः चिनी नोंदणीकृत कंपन्यांवरच्या, वार्षिक अहवालात ‘क्लाउड’, ‘बिग डेटा’, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे शब्द किती वेळा आले ते मोजून डिजिटलची पातळी ठरवतात. शेकडो कंपन्यांची तुलना करायची तर दुसरा मार्ग सापडणं अवघड, हे मान्य. पण मागे पडलेल्या कंपनीचा अहवाल कोणासाठी लिहिलेला असतो? भागधारकांना धीर देण्यासाठी. तिथे शब्द वाढवायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे लांबलेली पिछाडी आणि वाढलेले शब्द एकत्र दिसले म्हणून काम झालं असं मी समजत नाही. माझी चाचणी साधी आहे: बंद काय झालं ते विचारतो. कोणती वही, कोणती एक्सेल शीट, कोणती सही, कोणती दर सोमवारची बैठक नव्या प्रणालीमुळे कायमची बंद झाली? उत्तर देता आलं नाही तर कंपनी जुन्या कामावर नवा खर्च चढवत आहे.

पार्श्वभूमीकडे येऊ. डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार असा की कंपनीचे निर्णय हे वरच्या माणसांच्या अनुभवाचं आणि मूल्यांचं प्रतिबिंब असतात, कारण समोरच्या अफाट माहितीतून काय उचलायचं हे तो अनुभव ठरवतो. त्यांनी कामाच्या पार्श्वभूमीचे ढोबळ दोन मुख्य गट केले. विक्री, मार्केटिंग, उत्पादन-संशोधन यांतून आलेले बाहेर, बाजाराकडे बघतात. उत्पादन प्रक्रिया आणि हिशेब यांतून आलेले आत, कामाच्या नेटकेपणाकडे बघतात. ढोबळ आहे, पण डिजिटलच्या बाबतीत फार चपखल बसतं. मार्केटिंगमधून आलेल्या प्रमुखाचा पहिला प्रकल्प बहुधा ॲप किंवा सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदी सांभाळणारी प्रणाली) असतो. कारखान्यातून आलेला यंत्रांवर सेन्सर लावतो आणि बंद यंत्रांचे तास मोजू लागतो. तंत्रज्ञानातून आलेला आधी पाया बदलू म्हणतो, आणि बदललेल्या पायावर विक्री खात्याची प्रोत्साहनपर वेतनयोजना मात्र जुनीच राहते.

फायनान्सवाल्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण एक उमेदवार तोच आहे. ते डिजिटलच्या विरोधात असतात ही समजूत चुकीची. महिनाअखेरचे हिशेब लवकर बंद करणं, बिलं आपोआप जुळवणं, खरेदीवर नियंत्रण, सगळ्या शाखांची एकच ईआरपी अशा गोष्टी ते बहुतेकांपेक्षा चांगल्या करून घेतात. अडचण निवडीच्या चाळणीत असते. दोन वर्षांत पैसे परत मिळाले पाहिजेत ही अट लावली की वाचलेली माणसं आणि वाचलेला साठा दाखवणारे प्रकल्प चाळणीतून सुटतात. गिऱ्हाईक टिकवणारे, दर हुशारीने ठरवणारे प्रकल्प अडकतात, कारण त्यांचा फायदा पत्रकात एका ओळीत लिहिता येत नाही. आणि पिछाडी लांबली की ही चाळणी आणखी बारीक होते. बँका आणि धनको सीएफओशी, म्हणजे वित्तप्रमुखाशी, बोलतात, म्हणून त्याचं वजन आपोआप वाढतं. सीईओसुद्धा त्याच पार्श्वभूमीचा असेल तर टेबलावर दुसरा आवाजच उरत नाही. पिछाडी आणि पार्श्वभूमी ही दोन स्वतंत्र कारणं आहेत असं मी म्हणूनच समजत नाही. चांगल्या काळात माणसाचा कल झाकलेला असतो, घसरणीत तो कंपनीचं धोरण बनतो.

बाहेरच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे सवयीऐवजी साचा असतो. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकचं उदाहरण सगळे देतात, पण चुकीच्या कारणासाठी. कोडॅकने डिजिटलकडे दुर्लक्ष केलं, ही कथा अर्धीच आहे. त्यांच्याच अभियंत्याने, स्टीव्हन सॅसन यांनी, १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता, आणि २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिली होती. विक्री होती, पण फिल्मसारखा नफा त्यात नव्हता. याच वर्षी अंतोनियो पेरेझ सीईओ झाले. त्यांची आधीची सुमारे २५ वर्षं एचपीमध्ये, आणि त्यातला मोठा वाटा इंकजेट प्रिंटरच्या व्यवसायात गेला होता. २००७ मध्ये कोडॅकने घरगुती इंकजेट प्रिंटर आणले. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या प्रिंटरची विक्री थांबवण्याचं जाहीर केलं. पेरेझ यांच्या बरंच आधी, १९९३ मध्ये, मोटोरोलामधून आलेले जॉर्ज फिशर प्रमुख झाले होते, म्हणजे बाहेरचा, तंत्रज्ञान जाणणारा माणूस आणण्याचा उपायही करून झालेला होता. मला यातून दिसतं ते असं: दशकभराची ओढाताण चालू असताना मंडळ अशा माणसाकडे वळतं, ज्याच्याकडे तयार उत्तर आहे. त्याचं उत्तर त्याच्या जुन्या उद्योगात बरोबर होतं, हेच त्याला इतकं पटण्याजोगं बनवतं.

अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीचं प्रकरण याहून झटपट आटोपलं. ॲपलची दुकानं उभारणारे रॉन जॉन्सन नोव्हेंबर २०११ मध्ये आले, कूपन आणि सततच्या सवलती काढून टाकल्या, २०१२ मध्ये तर आरएफआयडीच्या (मालावरच्या, रेडिओने वाचता येणाऱ्या चिठ्ठ्यांच्या) आधारे कॅश काउंटरच हटवण्याची योजना मांडली. त्या आर्थिक वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये ते गेले. नवी दरपद्धत आधी थोड्या दुकानांत करून बघण्याचा मार्ग खुला होता. तो घेतला गेला नाही, कारण ॲपलमध्ये तसं करत नसत.

याउलट ह्यूबर्ट जोली. २०१२ मध्ये अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी बेस्ट बाय अडचणीत असताना आलेल्या या माणसाने किरकोळ विक्रीत कधी काम केलं नव्हतं. सल्लागारी, आयटी सेवा, व्हिडिओ गेम, प्रवास आणि हॉटेलं अशी त्यांची वाट होती. त्यांनी सुरुवातीचे दिवस एका दुकानात काढले. पुढच्या काळातले निर्णय बघा: ऑनलाइन स्पर्धकांच्या दराशी दर जुळवणं आणि दुकानांतूनच ऑनलाइन मागण्या पाठवणं. दुसरी गोष्ट ऐकायला साधी वाटते. तिच्यासाठी प्रत्येक दुकानातला साठा वेबसाइटला दिसावा लागतो, आणि तो आकडा खरा असावा लागतो. तो खरा करणं हेच खरं डिजिटल काम, ज्याची जाहिरात होत नाही. जोलींच्या पार्श्वभूमीत मला महत्त्वाची वाटते ती उद्योगांची विविधता. एकच साचा डोक्यात घट्ट बसलेला नव्हता, म्हणून दुकानात जाऊन विचारावं लागलं.

डॉमिनोजमध्ये तर आतलाच माणूस होता. पॅट्रिक डॉयल १९९७ पासून कंपनीत, सुरुवात मार्केटिंगमधून, २०१० मध्ये सीईओ. अपेक्षेप्रमाणे ॲपवरची मागणी, ऑर्डर कुठवर आली हे दाखवणारा ट्रॅकर या ग्राहकाला दिसणाऱ्या गोष्टी गाजल्या. ट्रॅकर तर त्यांच्या आधीच, २००८ मध्ये आला होता. पण या सगळ्याखाली फ्रँचायझी दुकानांत बसवलेली कंपनीची स्वतःची एकसमान पीओएस (काउंटरवर विक्री नोंदवणारी) प्रणाली होती. ती नसती तर हजारो दुकानांपर्यंत एका ॲपवरून मागणी पोचवणं म्हणजे प्रत्येक मालकाशी वेगळी वाटाघाट झाली असती. त्याच सुमारास कंपनीने पिझ्झाची पाककृतीही बदलली. मार्केटिंगवाला प्रमुख नुसतं ॲप काढतो आणि फसतो, हा सर्वसाधारण धोका इथे टळला, कारण आतला पाया घालण्याचं काम आधी दुसऱ्यांनी केलेलं होतं आणि मूळ मालही दुरुस्त झाला होता.

म्हणून उमेदवाराच्या बायोडेटाइतकाच मी त्याच्या भोवतीच्या माणसांचा बायोडेटा मागतो. आयटी प्रमुख कोणाला रिपोर्ट करतो? सीएफओला करत असेल तर आयटी खातं खर्च म्हणूनच चालवलं जाणार, मग सीईओ कितीही उत्साही असो. वरच्या सहा-सात जणांत वेगवेगळ्या खात्यांतून आलेली माणसं आहेत का? असतील तर उपाय जास्त सुचतात आणि निर्णयाला वेळ लागतो. चौथ्या वर्षी हा वेळ परवडतो की नाही हे तुमच्या रोखीवर ठरेल. सीईओची किती वर्षं उरली आहेत? निवृत्तीला दोन वर्षं असलेला माणूस चार वर्षांनी फळ देणारा प्रकल्प मनापासून लढवणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. फसलेल्या ईआरपीतून गेलेलं कोणी वरच्या फळीत आहे का? असं माणूस असेल तर त्याला धरून ठेवा. व्हेंडरच्या सादरीकरणात डेटा स्थलांतराला किती आठवडे लिहिले आहेत, हे तो पहिल्यांदा बघेल.

तुमच्या निवडीचं उत्तर मात्र एका माहितीवर अडलं आहे, जी प्रश्नात नाही: चार वर्षांतली नफ्यातली तूट नेमकी कुठून येते आहे? ते शोधायला सल्लागार लागत नाही. चार वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांची यादी काढा आणि प्रत्येकाचं आजचं काय ते लिहा. गिऱ्हाइकं आहेत, साधारण तेवढाच माल घेतात, पण नफ्याचं प्रमाण घटलं, साठा फुगला, वसुली लांबली, अशी स्थिती असेल तर दुखणं आत आहे. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली असतील आणि ती गेली तिथे खरेदीची पद्धतच वेगळी असेल, तर दुखणं बाहेर आहे आणि हिशेब कितीही लवकर बंद झाले तरी ती परतणार नाहीत.

दुखणं आत असेल तर मी आतल्या फायनान्सवाल्याला निवडेन. पहिल्या वर्षाचं काम साठा, वसुली, दर यांच्यापुरतं ठेवेन, कारण चौथ्या वर्षी पुढच्या प्रकल्पाचे पैसे आधीच्या प्रकल्पातून सुटावे लागतात. सोबत विक्रीतून किंवा उत्पादनातून आलेला माणूस डिजिटल कामाचा मालक म्हणून नेमेन, आणि तो थेट सीईओला रिपोर्ट करेल. परतफेडीची दोन वर्षांची अट निदान एका ग्राहकाभिमुख प्रकल्पाला लागू नसेल, हे नेमणुकीआधीच मंडळाच्या ठरावात लिहून घेईन.

दुखणं बाहेर असेल तर सॉफ्टवेअर कंपनीतला माणूस, पण दोन अटींवर. पहिले तीन महिने कोणताही मोठा करार नाही. त्या काळात तो गिऱ्हाइकांकडे, गोदामात आणि ऑर्डर नोंदवणाऱ्यांच्या शेजारी बसेल. आणि दर किंवा विक्रीची पद्धत बदलायची असेल तर ती आधी एका भागात, आकडे समोर ठेवून. मुलाखतीत त्याला एवढंच विचारा की आधीच्या कंपनीत त्याचं जे चाललं, त्यातलं काय इथे चालणार नाही. यावर तो थोडा थांबून तपशिलात बोलू लागला तर पुढची फेरी ठेवा. लगेच उत्तर देऊन पुन्हा स्वतःच्या योजनेकडे वळला तर तिसरं नाव शोधायला सांगा, त्यात आणखी दोन महिने गेले तरी.